जुन्या वास्तू बघत फिरल्याने इतिहासाची आणि ख्रिस्ती श्रद्धेची गोडी खरंच वाढते का?

वाढते, पण अभिमान वाटून वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की घरात प्रार्थना, बायबलवाचन सगळं आहे, तरी ते पाठ झाल्यासारखं वाटतं, आणि कोणीतरी जुनी चर्चेस बघायला सुचवलंय. मी ग्वाल्हेरचा, मराठी ख्रिस्ती. माझा अनुभव असा की जुन्या जागा आधी अडचणीत टाकतात. गोडी त्यातूनच लागते.

आमच्याकडे ख्रिस्ती माणसांचा माग काढायला लागलात की धर्मोपदेशकांच्या आधी पगारी फौजी भेटतात. महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभारल्या त्या युरोपियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्यांत नेपल्सहून आलेलं फिलोस हे कॅथलिक घराणं. याच घराण्यातल्या जाँ बाप्तिस्त फिलोसने १८११ मध्ये महादजींच्या गादीवर आलेल्या दौलतरावांसाठी चंदेरी जिंकली, आणि पुढे मायकेल फिलोसने १८७४ चा जयविलास महाल बांधला. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथली झुंबरं दाखवली, जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी दाखवली. महाल कोणी बांधला हे मात्र कोणी सांगितलं नाही. असो.

खरी अडचण १८५७ ची. १४ जूनला ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतल्या शिपायांनी उठाव केला, त्यात तिथला चॅप्लेन, म्हणजे छावणीचा पाळक, जॉर्ज कूपलंड मारला गेला. त्याची बायको जीव वाचवून आग्ऱ्याला पोचली. बरोबर एका वर्षाने, जून १८५८ मध्ये, याच ग्वाल्हेरपाशी लढताना राणी लक्ष्मीबाईंना मरण आलं. फुलबागेतली त्यांची समाधी आणि मुरारची छावणी एका सकाळीत बघून होतात, मध्ये रिक्षाने जाण्याएवढंच अंतर.

आता सांगा, मी कोणाचा? राणीची गोष्ट आजीने सांगितलेली, मराठीतून, डोळ्यांत पाणी आणून. चॅप्लेन माझ्या विश्वासाचा. त्याच्या विधवेने १८५९ मध्ये आपली हकीकत छापली. तीत एवढा संताप आहे की दिल्ली शहर जमीनदोस्त न करता उभं कसं ठेवलं, असं ती विचारते. एका पाळकाच्या बायकोने लिहिलेलं हे! तिच्या दुःखाकडे बघून राग येत नाही, पण पटतही नाही. मुरार बघून आल्यावरच्या रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', म्हणताना माझी जीभ अडखळली. लहानपणापासून घडाघडा म्हणत आलेली ओळ. तुम्ही ज्याला 'पाठ झालेलं' म्हणता ते सुटायला मला मुरारला जावं लागलं. प्रवचनांनी ते झालं नव्हतं.

मुरारला जुन्या कबरी आहेत. नावं पुसट, काहींवर वय महिन्यांत लिहिलेलं. पलटणींची, राजांची बढाई वाचून आलेल्या माणसाला हे दगड गप्प करतात. एक व्यवहाराची गोष्ट: झिजलेली अक्षरं वाचायला सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात ती उठून दिसतात. खडू घासू नका, दगड खराब होतो. आणि स्थानिक पाद्रीसाहेबांना आधी विचारून जा. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची जुनी रजिस्टरं कुठे असतात, कोणाची परवानगी लागते, हे त्यांच्याकडूनच कळेल.

आपली नसलेली ठिकाणंही सोडू नका. १५८० मध्ये अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला निघालेला जेसुइट (कॅथलिक संघाचा) धर्मोपदेशक मोन्सेरात ग्वाल्हेरवरून गेला. इथल्या खडकातल्या तेरा मूर्ती बघून मधला ख्रिस्त आणि बाकीचे बारा शिष्य असावेत, ही समजूत त्याने नोंदवून ठेवली आहे. किल्ल्याच्या कड्यांत आहेत त्या तोमर राजांच्या काळातल्या जैन मूर्ती! घरापासून एवढ्या लांब आलेला माणूस दगडात ओळखीचं तोंड शोधणारच. मला हा प्रसंग फार आवडतो. मंडळीतल्या काहींना मी तो सांगितलेला रुचत नाही.

एक इशारा मात्र. दगडांकडून पुरावा मागू नका. मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचं, पंतय पिलाताचं नाव घेतो, आणि १९६१ मध्ये कैसरियाला त्याच्या नावाचा कोरीव दगड सापडला. अंगावर काटा येतो, खरंय. पण त्याने पिलात होता एवढंच कळतं, तिसऱ्या दिवसाबद्दल, येशूच्या पुनरुत्थानाबद्दल, तो दगड काही बोलत नाही. पुराव्याच्या मागे लागलेली मंडळी मी बघितली आहेत. पुढच्या उत्खननाच्या बातमीपर्यंत त्यांना चैन नसतं.

सुरुवात कुठून करू, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत, आग्ऱ्याचं जुनं कॅथलिक कबरस्तान. ग्वाल्हेरहून गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथे १६१४ मध्ये वारलेला इंग्रज व्यापारी जॉन मिल्डेनहॉल आहे, आणि जॉन हेसिंगही. हा डच माणूस शिंद्यांचा सरदार, आग्ऱ्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता, १८०३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने त्याच्यासाठी लाल दगडात छोटा ताजमहाल बांधून घेतला. ताज बघायला आलेले लोक तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे निवांत बसता येतं. जाताना नवा करार खिशात असू द्या, आणि गाइड घेऊ नका.