गरम झाल्यावर झटके देणारी जुनी ओम्नी

एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) ओम्नी थंड असताना नीट चालते आणि गरम झाली की झटके देते, एवढ्यावरून कुणी ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलायला सांगितलं तर ऐकू नका. ते सगळ्यात शेवटी.

पुढची सीट उचला, इंजिन तिथेच आहे. मॅनिफोल्डचे (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचे) रबरी पाइप बोटाने वाकवून बघा. उष्णतेने ते कडक होऊन टोकाला चिरतात, जादा हवा शिरते आणि आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वर-खाली होतं. अर्थिंगचे नट सोडून, घासून परत आवळा.

मग कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन किती तापलंय ते ईसीएमला सांगणारा; माझा पहिला संशय यावरच आहे. मल्टिमीटर लावून त्याचा रोध मोजा: 20 अंशांना साधारण 2500 ओहम, 80 अंशांना 300च्या आसपास यायला हवेत. गरम इंजिनातही आकडा हजारांत राहिला तर ईसीएम इंजिन थंडच समजतो, पेट्रोल जास्त सोडतो, प्लग काळे पडतात.

एलपीजी किट आहे का? असेल तर पेट्रोलवर शेवटची कधी चालवली ते आठवा. कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीचे इंजेक्टर चिकटतात. रोज थोडं अंतर पेट्रोलवर काढा, आणि पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, पंप जळतो.