दसऱ्याची बंदूक, रील आणि सतरा वर्षांचा मुलगा

प्रश्न : आम्ही सिंधुदुर्गात राहतो. सासऱ्यांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि बारा बोरची एकनळी बंदूक आहे. दसऱ्याला पूजा झाल्यावर सासरे दुपारचे झोपले होते. तेवढ्यात माझा मुलगा (वय १७) आणि पुतण्या (वय १९) ती बंदूक खांद्यावर टाकून देवळापर्यंत फिरून आले आणि त्याची रील टाकली. बंदुकीत काडतूस नव्हतं, बार काढला नाही. आता पोलिसांनी बंदूक आणि परवाना घेऊन बोलावलंय, आणि परवाना रद्द का करू नये अशी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची नोटीसही आली आहे. ह्यूस्टनला असलेला माझा भाऊ म्हणतो, तिकडे लोक उघड बंदूक घेऊन फिरतात, यात गुन्हा कसला? मुलाला पोलिसात जायचंय आणि नेमबाजी मनापासून शिकायची आहे. त्याचं आयुष्य बिघडेल का?

उत्तर : ताई, मुलाचं आयुष्य बिघडणार नाही. पण प्रकरण किरकोळ आहे असंही समजू नका. तुमच्या घरातल्या तीन माणसांची कायद्यापुढची स्थिती वेगवेगळी आहे, आणि सगळ्यात जास्त काळजी पुतण्याची करायला हवी.

आधी तुमच्या भावाचं बोलणं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे खरं आहे. पण भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली, तर तिथेही मोठ्या माणसावर गुन्हा होतो. आणि आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मुळात हक्कच नाही, ती परवान्याने मिळालेली मुभा आहे. परवाना असला तरी २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली, तिच्या पिशवीत असावी लागते. ती मिरवणं, उगारणं, दाखवणं याला मनाई आहे. म्हणजे सासरे स्वतः बंदूक खांद्यावर उघडी टाकून देवळापर्यंत गेले असते, तरी नियम मोडलाच असता. शिवाय सणासुदीला बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश (शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदी) लागू असतो. त्या दिवशी तुमच्या भागात तो होता का, हे वकिलाकडून तपासून घ्या, कारण त्याचं कलम वेगळं लागतं.

‘काडतूस नव्हतं’ हा बचाव अपुरा आहे. रिकामी बंदूकही शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये अग्निशस्त्रच. मात्र बार काढला नाही, हे तुमच्या बाजूचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, जत्रेत, समारंभात हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. ते कलम इथे लागत नाही.

घरात देव्हाऱ्यासमोर बंदूक ठेवून पूजा केली, परवानाधारक शेजारी बसले होते आणि पोरांनी हळदकुंकू वाहिलं, यात मला गुन्हा दिसत नाही. अडचण उंबऱ्याबाहेर सुरू झाली. परवाना नसलेल्या माणसाला परवानाधारकाची बंदूक नेता येते, पण ती त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा खुद्द परवानाधारकाचा वापर एवढ्याच कारणांसाठी. रील त्यात बसत नाही. त्यातून दोघंही एकवीसच्या आतले, म्हणजे कलम ९ प्रमाणे त्यांना बंदूक बाळगण्याची मनाईच.

पुतण्या कायद्याने सज्ञान आहे. त्याच्यावर शस्त्र अधिनियमाचं कलम २५ (१ब), म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगल्याचं कलम, लागलं तर शिक्षा किमान दोन ते कमाल पाच वर्षं, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणून त्याला एकट्याला ठाण्यात पाठवू नका. आधी वकील गाठा आणि गरज दिसली तर ओरोसच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. कलम ३ खालचा (परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचा) खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरीही लागते. बचावाला जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात (१९७२) म्हटलं आहे की ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक आणि नियंत्रणासह असलेला ताबा. आजोबांची बंदूक काही वेळ हातात घेऊन परत जागेवर ठेवणं आणि बेकायदा शस्त्र बाळगणं यातला फरक न्यायालयापुढे मांडता येतो. तो मान्य होईलच, अशी खात्री मात्र मी देणार नाही.

मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याचं नाव किंवा फोटो छापता येत नाही. अल्पवयीन एकटा असता आणि गुन्हा अतिगंभीर प्रकारातला नसता, तर पोलिसांनी फक्त स्टेशन डायरीत नोंद करून अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. इथे सोबत सज्ञान पुतण्या असल्यामुळे एफआयआर होऊ शकतो, त्याने घाबरून जाऊ नका. जन्मदाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र आजच काढून ठेवा. बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ सांगतं की मंडळापुढच्या अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कसलीही अपात्रता चिकटत नाही. भरतीचा फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा गुन्ह्यांबद्दलचा रकाना वकिलाला विचारून भरा, खोटं मात्र लिहू नका. माहिती लपवली म्हणून उमेदवारी गेल्याची प्रकरणं न्यायालयांपुढे सतत येतात.

आता सासरे. त्यांच्यावर शस्त्र अधिनियमाचं, परवान्याच्या अटी मोडल्याचं कलम ३० येऊ शकतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी भीती परवाना जाण्याची. नोटिशीला मुदतीत आणि लेखी उत्तर द्या, वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढही लेखीच मागा. उत्तरात घडलं ते सरळ कबूल करा. त्याबरोबर काजू-भाताचं माकडं आणि रानडुकरं किती नुकसान करतात, इतक्या वर्षांत सासऱ्यांविरुद्ध एकही तक्रार नाही, आणि बंदूक आता कुठे, कशी बंद आहे, तेही लिहा. परवाना रद्द झालाच तर कारणं लेखी मागून घ्या. कलम १८ खाली अपिलाला तीस दिवस असतात.

ठाण्यात बंदूक स्वतःहून न्या, पिशवीत घालून, सासऱ्यांच्याच हातून. जमा करताना बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. रील लोकांना दिसणार नाही अशी करा, पण पुसू नका आणि मोबाईल साफ करू नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा अंगावर येईल. आणि ‘ती खेळण्यातली बंदूक होती’ असं मुलांना पढवू नका. गावातल्या कुणी तसं सुचवलं असेलच.

तुम्ही पाठवलेली रील मी पाहिली. देवळाच्या पायरीवर मुलाचं बोट चापावर आहे आणि नळी पुतण्याच्या पोटाकडे. मुलगा हसतोय. काडतूस नाही हे त्याने स्वतः बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) पाहिलं होतं का, की कुणीतरी सांगितलं म्हणून धरून चालला? कायद्याच्या कलमांपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटली. एकनळी बंदूक मोडली की चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांना दिसतो, त्याला क्षणभरही लागत नाही. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी हेच घोटून घेतात : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे करायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचं. चेंबर रिकामा आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्यात भडक रंगाची दोरी किंवा झेंडी घालून ठेवतात.

म्हणून मुलाला शिकू द्या, त्याला कायद्याने वाट ठेवली आहे. बारा वर्षांवरच्या मुलांना प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली सराव करता येतो. सुरुवात दहा मीटर एअर रायफलने करावी. ४.५ मिलिमीटरची, वीस ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन असेल तर परवाना लागत नाही. तरी बिल जपून ठेवा आणि ती खेळणं म्हणून घरात पडू देऊ नका. कॉलेजात एनसीसी असेल तर तिथे पॉइंट टू-टू रायफलचा फायरिंग सराव होतो. कोल्हापूर तुमच्यापासून घाट चढला की आलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत त्याच जिल्ह्यातल्या. क्लबमध्ये नाव घालण्याआधी मात्र मंडळापुढची पहिली तारीख होऊन जाऊ द्या. नंतर प्रवेशाची पावती मंडळाला दाखवा. मुलगा कुठल्या वाटेने निघालाय, हे मंडळ पाहतं.

घरी परत आल्यावर बंदूक लोखंडी कपाटात कुलपात ठेवा आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या सासऱ्यांकडेच असाव्यात, तुमच्याकडेसुद्धा नकोत, कारण परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आणि रानडुकरांवर बंदूक चालवायची असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही, हे त्यांनाही एकदा समजावून सांगा.