लहान मुलांमधला मधुमेह कसा ओळखायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की 7 वर्षांचा मुलगा पंधरा दिवसांपासून पुन्हा अंथरुणात शू करायला लागलाय, सारखं पाणी मागतो, खाऊनपिऊन वाळत चाललाय. आणि घरचे म्हणतात उन्हाळा आहे, जंत झाले असतील. आधी त्याची शुगर तपासून घ्या. आजच. उपाशीपोटी असायची गरज नाही, सकाळची वाट बघू नका. बोटाला टोचून एका थेंबात लगेच कळतं. अशी लक्षणं असताना कुठल्याही वेळेची शुगर 200 किंवा वर आली तर तो मधुमेहच धरतात.

मी मिरज तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. तिसरीतली एक मुलगी दर तासाला "बाई, जाऊन येऊ?" म्हणून उभी राहायची. दुपारची खिचडी दोनदा घ्यायची. तरी जूनमध्ये नीट बसणारा स्कर्ट दिवाळीआधीच कमरेवरून घसरायला लागला होता, आईनं पट्टीला सेफ्टी पिन लावून दिलेली. ती पिन बघितली आणि मी आईला शाळेत बोलावून घेतलं. शुगर 400 च्या पुढे निघाली.

मुलांमध्ये बहुतेक वेळा टाइप 1 असतो. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन स्वादुपिंडातल्या ज्या पेशी तयार करतात, त्याच शरीराची प्रतिकारशक्ती मारून टाकते. हा गोड खाऊन होत नाही, आणि घरात कुणालाच शुगर नसली तरी होतो. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की लघवीवाटे जायला लागते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणजे लघवी आधी वाढते, तहान त्यामुळे लागते. म्हणून अंथरूण ओलं होतंय म्हणून रात्रीचं पाणी तोडू नका. जुनी माणसं लघवीला मुंग्या लागतात का बघायची, त्यात तथ्य आहे. पण मुंग्या येईपर्यंत थांबू नका.

आपल्या सांगलीकडे पोरगं मलूल दिसलं की उसाचा रस पाजायचा, नाहीतर ग्लुकोज पावडर कालवून द्यायची. प्रेमानंच देतात, पण शुगर बघेपर्यंत हे दोन्ही बंद ठेवा.

उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काही दिसलं तर रात्र असो वा दिवस, थेट मोठ्या दवाखान्यात न्या, सांगली-मिरजेचं सिव्हिल आहेच. रक्तात आम्ल साठल्यावर असं होतं, आणि मूल काही तासांत बेशुद्ध पडू शकतं. पोट बिघडलंय किंवा न्यूमोनिया आहे असं वाटून इथेच वेळ जातो, म्हणून गेल्या गेल्या डॉक्टरांना "याची शुगर बघा" असं तुम्हीच सांगा.

मूल थोराड, जाड असेल आणि मानेची कातडी काळवंडून जाडसर झाली असेल तर टाइप 2 चा, म्हणजे एरवी मोठ्या माणसांत दिसणाऱ्या मधुमेहाचा विचार करतात. तुमच्या मुलाचं वर्णन तसं नाही.

टाइप 1 निघाला तर गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिनच लागतं. 1922 साली टोरांटोत 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं जगतच नव्हती. आता ती शिकतात, कबड्डी खेळतात, पुढे संसारही करतात. फक्त कुणी काढा किंवा पुडी हातात देऊन "इंजेक्शन बंद करा" म्हणालं, तर एक दिवसही बंद करू नका.