गंज काढायच्या टाकीला मीटर कुठला घ्यावा?

गोव्यातल्या पेडण्याहून आलेला प्रश्न असा: आजीची आदोळी (विळी) आणि दोन कोयते सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंजमुक्त करायचेत, पुढे पाण्यातून विजेने हायड्रोजन काढणारा सेलही करून बघायचाय. द्रावण किती दाट आहे ते मोजायला टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं), पीएच मीटर (आम्ल-अल्कता दाखवणारा) की हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या किती पट जड ते तरंगून दाखवणारी नळी)?

आधी ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. गंजाला लिटरमागे ५ ते १० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा पुरतो. पुडीत खडे असतील तर हिशेब बदलतो: १०० ग्रॅम खड्यांत खरा सोडा ३७ ग्रॅमच, बाकी पाणी.

टीडीएस पेन घेऊन मी फसलोय. टाकीत बुडवलं तर आकडाच येईना. बहुतेक पेनं ९,९९९ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास थांबतात, आणि १ टक्का म्हणजेच १०,००० पीपीएम! मग सिरिंजने १० मिली द्रावण १९० मिली आरओच्या पाण्यात घालायचं, आकड्याला २० ने गुणायचं. तरी ते सोड्याचे ग्रॅम नव्हेत. पेन वाहकता (द्रावणातून वीज किती सहज जाते ते) मोजतं आणि ठरलेल्या गुणकाने आकडा काढतं. तोलून केलेल्या द्रावणाशी ताडून बघावंच लागतं. तोललंच असेल तर पेन कशाला? माझं आता विहिरीचं पाणी तपासायला ठेवलंय. किनाऱ्याजवळच्या विहिरीला खारटपणा असला की टाकीत क्लोरीन सुटू शकतो, त्यापेक्षा पागोळीचं पाणी बरं.

पीएच मीटर नकोच. सोडा दुप्पट केला तरी काटा जेमतेम हलतो.

हायड्रोमीटर सेलसाठी घ्या. सेलमध्ये वापरायच्या कॉस्टिक पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावण २० टक्क्यांना सुमारे १.१९ आणि २८ टक्क्यांना १.२७ दाखवतं, म्हणजे बॅटरीवाल्याकडच्या १.१०० ते १.३०० च्या नळीत नेमकं बसतं. वाहकताही तिथेच, पंचवीस-तीस टक्क्यांच्या दरम्यान, सर्वांत जास्त असते. नळी नवीन घ्या, ॲसिडातली नको. द्रावण थंड झाल्यावरच वाचा, चष्मा-हातमोजे घालून. गंजाच्या पातळ द्रावणात मात्र तिचा तरंगता भाग तळालाच बसतो. आणि भट्टीवरची फेणीचे १९-२० ग्राव (दारूच्या कडकपणाचं माप) बघायची काच आणू नका. ती पाण्याहून हलक्या द्रवाची, इथे पट्टीच्या बाहेरच तरंगेल.

चालू टाकीत बघायचे ते अँपिअर. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा) मागून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. अँपिअर घसरले की लोक सोडा ओततात. माझ्या टाकीत दहातल्या आठ वेळा दोष द्रावणाचा नसतो, धन बाजूच्या पत्र्यावर तपकिरी साय धरलेली असते. वीज बंद करा, पत्रा बाहेर काढून खरवडा, मग पुन्हा आकडा बघा. हा पत्रा साध्या लोखंडाचाच हवा. स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि ते विषारी. आदोळीचं पातं पाटावरून सोडवूनच बुडवा, आणि टाकी पडवीत ठेवा, बंद खोलीत नको.