चरा नखाला लागतो का, आधी ते पाहा

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी कॉलनीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला आली होती, गेटसमोर आमची काळी गाडी उभी होती आणि गर्दीत एका बैलाचं शिंग ड्रायव्हरच्या दारावर घासत गेलं. वीतभर लांब पांढरा चरा पडला. पेंटर म्हणतो पूर्ण दार रंगवावं लागेल. भाचा म्हणतो लोकरीचा पॅड मागवू, घरच्या ग्राइंडरला लावू, दहा मिनिटांत चरा गायब. कोणाचं ऐकू?
– एक गृहिणी, प्रतापनगर

उत्तर : ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका, आणि तो ग्राइंडर तर आधी उचलून आत ठेवा. दार साध्या पाण्याने धुवा, सुकू द्या, मग चऱ्यावर नख आडवं फिरवा, अगदी हलक्या हाताने. नख अडकलं नाही तर काम होण्यासारखं आहे. नंतर चऱ्यावर थोडं पाणी टाकून पाहा, ओलं असेपर्यंत चरा दिसेनासा होत असेल तर तो रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमधेच आहे असं समजा. पण नख खटकन अडकत असेल, किंवा आत रंगाखालचा राखाडी थर, म्हणजे प्रायमर, नाहीतर पत्रा दिसत असेल, तर लोकरीने कितीही घासलं तरी फायदा नाही, तिथे टच-अपच लागतो, आणि पत्रा उघडा पडला असेल तर लवकर करा, पावसाळा अजून गेला नाही, गंज धरतो.

लोकांना वाटतं पॉलिशने चरा भरतो. भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा रंग घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे चरा उरतच नाही, असं ते काम आहे. आता रंग असतो किती, तर कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सचा एक-दीड कागद. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे अर्धा कागद. तुमच्याकडे घासायला आहे तो एवढाच अर्धा कागद, आणि तोही पूर्ण नाही कारण खालच्या रंगाला उन्हापासून तोच वाचवतो, आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे क्लिअर कोट पातळ करून ठेवणं म्हणजे दोन-चार वर्षांत टप फिका पडलेला पाहणं.

म्हणून लोकरीचा पॅड जपून वापरायचा. ती लोकर मऊ लागते हाताला, म्हणून माणूस फसतो. खरं तर फोमच्या पॅडपेक्षा ती जास्त कापते, प्रत्येक धागा कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, धरून रंगावर घासत जातो, आणि धाग्यांमधून हवा खेळते म्हणून फोमच्या मानाने गरमही कमी होते. खोल चऱ्यांसाठी पॉलिशवाले लोकर घेतात ते याच्यासाठीच. पिळाच्या धाग्याचा पॅड जास्त कापतो, मेंढीच्या कातड्यासकटचा मऊ पॅड कमी.

ग्राइंडरचं सांगतो. घरचा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. लोकरीचं काम होतं १,००० ते १,५०० वर, त्याआधी ६०० वर कंपाउंड नुसतं पसरवून घ्यायचं. म्हणजे भाचा जे करू पाहतोय ते सात ते अकरा पट वेगाने, रंग जळणार म्हणजे जळणारच, आणि पॅड सुटून तोंडावर आला तर वेगळंच. ड्रिल मशीनला लावणारेही आहेत, तिचा वेग कमी असला तरी पॅड सपाट राहत नाही, एका कडेवर दाब येतो आणि गोल गोल डाग उमटतात. वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर भाड्याने मिळालं तर घ्या, नाहीतर काम येणाऱ्याकडून करून घ्या.

स्वतः करणार असाल तर गाडी सावलीत, सकाळी, दार हाताला थंड लागलं पाह्यजे. उन्हात कंपाउंड सुकून पीठ होतं. दाराच्या कडा, हँडल, काळं रबर, आणि दारावरून जी धारदार रेघ जाते ना बॉडीची, तिच्यावर मास्किंग टेप लावा. तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. हे मी मनापासून सांगतो आहे कारण पहिल्यांदा भावाच्या गाडीवर मी टेप न लावता डिकीच्या कडेवरून पॅड नेला होता, एकदाच, आणि खालचा प्रायमर वर आला. भाऊ काही बोलला नाही, पण ती कड पुढे कित्येक वर्षं दिसत राहिली.

आधी फूटभर जागेत करून पाहा. वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके कंपाउंड, पॅड सपाट, हात सतत चालता, दाबायचं नाही, मशीनचं वजनच पुरतं. तीन-चार फेऱ्या झाल्या की थांबा, मायक्रोफायबरने पुसा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात मिसळून तेवढी जागा पुसा. हे चुकवू नका, कंपाउंडमधलं तेल चऱ्यात बसून तो लपवतं, तुम्ही खूश होता आणि दोन वेळा गाडी धुतली की चरा परत हजर. चरा ऐंशी टक्के गेला असेल तर सोडून द्या, कडा गोल झाल्या की उजेड त्यात अडकत नाही आणि चार हातांवरून दिसतही नाही, उरलेल्या वीस टक्क्यांसाठी क्लिअर कोट खाऊ नका.

आणि लोकर फिरवून काम संपत नाही, अर्धं होतं. ती मागे धुरकट झाक आणि बारीक रेषा सोडते, काळ्या रंगावर तर उन्हात इंद्रधनुष्यासारखे लोळ दिसतात, होलोग्राम म्हणतात त्याला. त्यावर फोमचा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश फिरवलंच पाह्यजे, मग वॅक्स. बरेच जण लोकर मारून, तेलकट चमक दाखवून गाडी देऊन टाकतात. तुमची काळी आहे, परत ताब्यात घेताना ती उन्हात उभी करूनच पाहा.

प्रश्न : बंपरवरही असाच लोकरीचा पॅड चालेल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : चालेल, पण वेग अजून कमी आणि एका जागी दोन सेकंदही थांबायचं नाही. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक नाही पसरवत, रंग मऊ होऊन ओढला जातो.

प्रश्न : आम्ही कोराडी रोडला राहतो, गाडी रोज पुसतो तरी सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे आले. पॉलिश केलं, चार महिन्यांत परत तेच. काय चुकतं?
– एक वाचक

उत्तर : रोज पुसता तेच चुकतं भाऊ. कोरडं फडकं फिरवता ना? तुमच्याकडे वीज केंद्राची राख आणि रस्त्याची धूळ, राखेत सिलिका असतं, ते फडक्याखाली घासलं गेलं की झालं. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ वाहू द्या, मग शॅम्पूचं पाणी एका बादलीत आणि साधं पाणी दुसऱ्या बादलीत ठेवून मऊ मिटने, म्हणजे गाडी धुवायच्या हातमोज्याने, धुवा. वेळ नसेल त्या दिवशी गाडी मळकी राहू द्या, काही बिघडत नाही. दर चार महिन्यांनी लोकर फिरवत राहिलात तर क्लिअर कोट संपेल आणि चरे तसेच राहतील.

प्रश्न : वापरलेला पॅड कडक झाला, टाकून देऊ?
– एक गॅरेजवाले, हिंगणा रोड

उत्तर : आधी कोमट पाण्यात लिक्विड साबण टाकून अर्धा तास भिजवा, बोटांनी धागे मोकळे करा, दोन-तीनदा खळबळून सावलीत लटकवा. गरम पाणी नको, लोकर आटते. पुढच्या वेळी काम चालू असतानाच दर पॅनेलनंतर ब्रशने धागे झाडत जा, सुकलेलं कंपाउंड त्यातच राहिलं की तेच पुढच्या गाडीवर चरे पाडतं. आणि पॅड खाली जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय परत लावू नका, एक खडा पुरतो.