बायबलमधली स्वर्गाची दृश्यं (सोन्याचं शहर, चार प्राणी, काचेचा समुद्र) शब्दशः घ्यायची की प्रतीक म्हणून? प्रतीक असतील तर अर्थ काय?

प्रतीक म्हणूनच घ्यायची. बाबा गेल्यापासून हा प्रश्न आमच्या घरात धुमसतोय म्हणून मी जरा लांब लिहिणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी प्रकटीकरण (बायबलमधलं शेवटचं पुस्तक, ही दृश्यं मुख्यतः त्यातलीच) २१ ची पहिली चार वचनं वाचावीत, काम भागेल.

मी कोल्हापूरची. आमचं घराणं मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, आणि मी स्वतः गुजरीत एका सराफाच्या पेढीवर हिशेबाला असते. बाबा एसटीत मेकॅनिक होते, कसबा बावड्यात दोन खोल्यांत सगळं आयुष्य गेलं आणि शेवटी शेवटी डायलिसिस लागलं. ते गेल्यावर घरी सांत्वन सभा ठेवली, थोरल्या काकांनी बाहेरगावचे एक वक्ते बोलावले. त्यांनी सुरुवातच अशी केली की या भावानं पत्र्याखाली दिवस काढले पण आज त्याला सोन्याच्या रस्त्यावर बंगला मिळालाय, मोत्यांच्या वेशी, रत्नांचे पाये, आणि मग बराच वेळ तेच. बंगला किती खोल्यांचा एवढंच सांगायचं राहिलं. बाबांबद्दल, त्यांनी सोसलं त्याबद्दल, आईबद्दल एक शब्द नाही. काका प्रत्येक वाक्याला आमेन म्हणत होते. वर त्या वक्त्यांनी नव्या यरुशलेमचं, म्हणजे प्रकटीकरणातल्या त्या सोन्याच्या शहराचं, क्षेत्रफळ काढून माणशी किती जागा येते तेही लोकांना सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. सगळे गेल्यावर भांडी आवरताना ती मला म्हणाली, "अगं, त्यांना सोनं कधी पाहिजे होतं?"

मला त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

काकांचं म्हणणं एकच, प्रतीक म्हटलं की विश्वास पातळ झाला. "आज सोनं प्रतीक म्हणशील, उद्या पुनरुत्थान प्रतीक म्हणशील, तू लई शिकलीस." यावर माझं उत्तर असं की प्रतीक मी म्हणत नाही, ते पुस्तकच म्हणतंय. पहिल्याच अध्यायाच्या शेवटी, १:२० मध्ये, सरळ सांगितलंय की सात समया म्हणजे सात मंडळ्या (विश्वासणाऱ्यांचे समुदाय) आणि सात तारे म्हणजे त्या मंडळ्यांचे दूत. म्हणजे वाचायचं कसं हे सुरुवातीलाच शिकवून ठेवलंय. पाचव्या अध्यायात योहानाला, म्हणजे ही दृश्यं बघून लिहिणाऱ्याला, सांगतात की यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय, तो वळून बघतो तर तिथं कोकरा, तोही वधलेला, सात शिंगांचा आणि सात डोळ्यांचा. काकांना मी विचारलं की सोनं अक्षरशः घेताय तर प्रभूला सात शिंगंही अक्षरशः घ्या. त्यावर ते गप्प बसले आणि मग विषय बदलला. सिंह म्हणून पुकारला आणि दिसला जिवे मारलेला कोकरा, या एका जागी अख्ख्या पुस्तकाचा जीव आहे, देव जिंकतो तो मारून नाही, स्वतः मरून जिंकतो. शिंग म्हणजे बळ, सात म्हणजे पूर्णपणा, हे जुना करार वाचणाऱ्या कुणालाही माहीत होतं.

आणि सोन्याचंच म्हणाल तर ते सोनं कसलं लिहिलंय बघा की. २१:१८ आणि २१:२१, स्वच्छ काचेसारखं, आरपार दिसणारं. मी रोज सोनं बघते. अगदी पातळ वर्ख उजेडापुढं धरला तर त्यातून हिरवट प्रकाश येतो हे खरं (काकांनी हेही कुठूनतरी शोधून आणलं होतं), पण वर्खावरून माणसं चालत नाहीत. तसंच मापांचं. मूळ ग्रीकमध्ये १२,००० स्टेडिया, म्हणजे साधारण २,२०० किलोमीटर, लांबी रुंदी आणि उंचीसुद्धा. कोल्हापुरातून सरळ रेषेत निघालं तर श्रीनगरच्याही पुढं जाईल एवढं आणि तेवढंच वर, अंतराळ स्थानक फिरतं ते साधारण ४०० किलोमीटरवर. आणि एवढ्या शहराला तट किती तर १४४ हात, ६५ मीटर धरा, उंची म्हणा नाहीतर जाडी म्हणा. नकाशा म्हणून ही मापं कुठंच बसत नाहीत. माणशी जागा काढत बसणाऱ्यांना शहराचा अर्थच कळलेला नाही.

अर्थ कळायचा तर १ राजे ६:२० उघडायचं. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा, २० हात लांब, २० हात रुंद, २० हात उंच, आणि सगळं शुद्ध सोन्यानं मढवलेलं. लांबी रुंदी उंची सारखी असलेली, सोन्याची जागा त्या लोकांच्या डोक्यात हीच. तिथं वर्षातून एकदा फक्त महायाजक, म्हणजे मुख्य पुजारी, जायचा, बाकी सगळे बाहेर. योहान जे शहर बघतो ते अख्खंच्या अख्खं तो गाभारा झालेलं आहे. म्हणून तर पुढं लगेच २१:२२ ला येतं की शहरात मंदिर दिसलं नाही. महायाजकाच्या उरपटावर, म्हणजे छातीवरच्या पट्ट्यावर, बारा रत्नं असायची, इथं बारा रत्नं शहराच्या पायात आहेत आणि पायांवर बारा प्रेषितांची नावं, वेशींवर इस्राएलाच्या बारा वंशांची. वेशी बाराही, चारी दिशांना तीन तीन, आणि त्या बंद होत नाहीत. सोनं लिहिलंय ते श्रीमंती दाखवायला नाही, देवाच्या इतक्या जवळ आता कुणालाही येता येतं हे दाखवायला. आणि हे लिहिलंय कधी, तर यरुशलेमचं खरं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडल्यावर. प्रकटीकरण साधारण इ.स. ९५ चं, रोमन बादशहा डोमिशियनच्या काळातलं असं बहुतेक अभ्यासक धरतात.

बाबा गेल्यानंतर आईनं प्रकटीकरण उघडणंच सोडलं होतं, तो बंगला आठवायचा तिला. मग संध्याकाळी मी पेढीवरून आले की आम्ही दोघी एक एक दृश्य काढून वाचायला लागलो आणि प्रत्येक ठिकाणी मी तिला पहिल्यांदा एकच गोष्ट दाखवायची, हे कुणाला दिसलं आणि तेव्हा त्याच्यावर काय वेळ आली होती. यशया संदेष्ट्याला त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात प्रभू उंच राजासनावर दिसतो, कधी, तर उज्जीया राजा मेला त्या वर्षी, देशाची गादी हलली तेव्हा. यहेज्केल संदेष्टा बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्यांच्या वस्तीत, खबार नदीकाठी, ख्रिस्तपूर्व ५९३ च्या सुमाराला, स्वतः याजक आणि मंदिर शेकडो मैलांवर. त्याला दिसतं ते राजासन चाकांचं आहे! चाकात चाक, कुठल्याही दिशेला जाणारं. लोक त्या चाकांत उडत्या तबकड्या शोधतात, आणि तिथं सांगायचंय एवढंच की देव यरुशलेमात अडकलेला नाही, तो कैद्यांच्या मागं मागं बाबेलपर्यंत आला. दानीएलाच्या सातव्यात समुद्रातून एकेक श्वापद म्हणजे एकेक राज्य वर येतं आणि शेवटी न्याय पुराणपुरुषाच्या, म्हणजे देवाच्या, हातात राहतो. योहान पात्म बेटावर, देवाच्या वचनापायी. त्याची पत्रं ज्या सात मंडळ्यांना गेली त्या आजच्या तुर्कस्तानात, आणि त्यातल्या पर्गममात बादशहाच्या पूजेचं देऊळच होतं. अशा लोकांना सांगितलं जातंय की खऱ्या राजासनावर दुसराच कुणीतरी बसलाय.

आई यावर लगेच काही बोलली नाही. पण २१:२५ वाचलं, तिथं रात्र नाही, तेव्हा मला म्हणाली परत वाच. बाबांच्या शेवटच्या महिन्यांतल्या रात्री तिनं जागून काढल्यात, धाप लागायची, झोपता यायचं नाही. त्या वचनाचा अर्थ तिला मी सांगायची गरज नव्हती. "आणि समुद्र राहिला नाही" हे २१:१ मधलंही तिला लगेच पटलं. काही लोक विचारतात समुद्रावर देवाचा काय राग. अहो, दानीएलात श्वापदं समुद्रातून येतात, प्रकटीकरण १३ मध्येही पशू समुद्रातून येतो, त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे सगळं गिळणारी अंदाधुंदी. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा कशी चढत आली हे ज्यांनी बावड्यातून बघितलंय त्यांना हे वचन लिहिणाऱ्याच्या मनातलं कळतं. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायातला काचेचा समुद्रही त्यातलाच, राजासनापुढं ते पाणी स्फटिकासारखं स्थिर पडून आहे.

चार प्राणी: सिंह, गोऱ्हा, माणूस, गरुड. यहेज्केल १ मधून आलेत, तिथं एकेकाला चार तोंडं, इथं एकेकाला एकेक, सहा पंख मात्र यशयाला दिसलेल्या सराफीमांचे (देवाच्या राजासनाजवळचे स्वर्गीय सेवक). सगळी सजीव सृष्टी देवापुढं उभी आहे असा सरळ अर्थ. चार शुभवर्तमानांशी जोड नंतर लावली, दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या धर्मगुरूपासून. चोवीस वडील म्हणजे बारा वंश आणि बारा प्रेषित असं बरेच जण मानतात. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, कुठल्याही भाष्यात मिळेल.

मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. बंगला प्रकटीकरणात कुठंच नाही. पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत हे योहानाच्या शुभवर्तमानात, १४ व्या अध्यायात आहे, आणि तेही कोण म्हणतंय, उद्या मरणार असलेला येशू, घाबरलेल्या शिष्यांना. शिवाय २१ व्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, शहर खाली उतरतं, देव माणसांच्यात राहायला येतो. तिसऱ्या चौथ्या वचनात तो त्यांच्या डोळ्यांचा प्रत्येक अश्रू स्वतः पुसतो, आणि सोन्याचं वर्णन सुरू होतं अठराव्या वचनात. क्रम बघा. मधली तेरा वचनं ओलांडून जो आधी सोन्यावर जातो त्यानं प्रवचन लोकांसाठी केलेलं नसतं. आणि सोनं, रत्नं, मोती यांची यादी त्याच पुस्तकात अठराव्या अध्यायातही आहे, तिथं ती बाबेलला माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची आहे, आणि त्या यादीच्या शेवटी माणसांचे जीवही विकायला ठेवलेत. हे काकांना मी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले संदर्भ वेगळा आहे. वेगळा आहे, म्हणूनच वाचला.

आता एक सांगून ठेवते, नाहीतर खाली भांडण लागेल. प्रतीक म्हणजे खोटं असं मी म्हणत नाही. स्वर्ग खरा आहे, बाबा प्रभूजवळ आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. शहर अक्षरशः तसंच असेल असं मानणारे चांगले श्रद्धावान लोक आहेत, आमच्या मंडळीतही आहेत, त्यांच्याबरोबर मी प्रभुभोजनाला बसते. लिहिणारा योहान नेमका कोणता यावरही जुन्या काळापासून दुमत आहे.

तुम्ही वाचणार असाल तर प्रकटीकरण ४, ५, २१ आणि २२ घ्या आणि शेजारी यशया ६, यहेज्केल १, दानीएल ७ उघडे ठेवा, एवढ्यानं निम्मी प्रतीकं आपोआप सुटतात. आणि मयताच्या घरी कुणी सोन्याच्या रस्त्यावर सुरू झालं तर त्यांना थांबवून २१:४ वाचायला सांगा. मोठ्यांना मधे थांबवू नये असं काका म्हणतात. मी थांबवते.