आडव्या वाऱ्यापेक्षा मागचा वारा जास्त धोकादायक का?

तिरकं, डोलत उतरणारं विमान बघून आपला जीव वर-खाली होतो. पण आडवा वारा निदान दिसतो तरी. पायलट त्याचा सराव करतात. मला जास्त धास्ती वाटते ती पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची, कारण तो खिडकीतून कळतच नाही.

विमान हवेत 140 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वेगाने असेल आणि समोरून 14 नॉट वारा असेल, तर जमिनीवरचा वेग 126 भरतो. तोच वारा मागून आला तर 154! ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळजवळ दीडपट. शिवाय विमान लवकर टेकत नाही, धावपट्टीवरून तरंगत पुढे जातं.

7 ऑगस्ट 2020 ला केरळमधल्या कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचं हेच झालं. भर पाऊस, रात्र. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला. मग विरुद्ध दिशेच्या धावपट्टीवर, मागचा वारा घेऊन उतरायचं ठरलं. सुमारे 2,700 मीटरच्या ओल्या धावपट्टीवर चाकं टेकली ती जवळपास निम्मी संपल्यावर. पुढे टेबलटॉपची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट धावपट्टीची, कडा आणि खाली उतार. विमानातल्या 190 जणांपैकी 21 गेले, त्यात आपले कॅप्टन दीपक साठेही. सरकारी चौकशीने ठपका ठेवला तो वाऱ्यावर नाही, तर विमान पुन्हा वर न उचलता लँडिंग पुढे रेटण्यावर.

म्हणून पायलटने ऐनवेळी विमान पुन्हा वर उचललं तर घाबरू नका, चिडू तर मुळीच नका.